फितूर भिवराबाई

भिवराबाईच्या तोंडाला कुलूप नाही, असं सगळी भावकी म्हणायची. एकदा तिच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाऊन झाले, पोरीनं मान खाली घालून नाव सांगितलं, सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. तेवढ्यात भिवराबाई दारातून म्हणाली, पोरगी गुणाची आहे, पण डाव्या डोळ्यानं जरा तिरळं बघती, उजेडात बसवून नीट बघून घ्या. जमत आलेली सोयरीक मोडायची वेळ आली. मुलाचा बाप शहाणा निघाला. जिथं चुलतीच एवढं खरं बोलते तिथं फसवणूक व्हायची नाही, असं म्हणून त्यानं सुपारी फोडली, तो भाग निराळा. पण तेव्हापासून भावकीत कुणाची पोरगी दाखवायची असली की बायका भिवराबाईला चुलीपाशी गुंतवून ठेवत आणि पाहुणे वेशीबाहेर गेल्यावरच मोकळं करत.

अशा बाईनं एका खोट्या कागदावर अंगठा उठवला. आणि पुढं कोर्टात ती खरं बोलली, तेव्हा तिला फितूर म्हणून लिहून घेतलं. दुनियेचा न्याय कधीकधी असा उफराट्या अंगानं चालतो.

भिवराबाईची वस्ती युसूफ वडगावच्या अंगाला. जमीन होती, पण ती पावसावर आणि देवावर सोडलेली. दसरा झाला की ऊसतोडीला नेणाऱ्या बिभीषण मुकादमाचा ट्रक येई आणि वस्ती रिकामी होई. भांडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं, सगळं ट्रकात. मागं उरत ते म्हातारे आणि दारांची कुलुपं. पौषात वस्तीवर कुणी ओरडलं तर ओ द्यायला माणूस सापडत नसे. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपाशी नेते. जोडीतलं एक आजारी पडलं की कोयता अर्धा होतो आणि टोळीत चेष्टा सुरू होते.

भिवराबाईचा नवरा बबनराव आता गरीब गाय झाला होता, पण तरुणपणी त्याचा हात चालायचा. त्या काळी बाईनं मार खायचा आणि सकाळी तोंड धुऊन कामाला जायचं, एवढाच कायदा होता. एके दिवशी भिवराबाईनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि नुसतं धरून उभी राहिली. त्या दिवसापासून बबनराव सुधारला. पुढं बालवाडीच्या ताईनं बायकांना गोळा करून सांगितलं, की आता सासरी छळ केला तर सरकार पकडून नेतं, तसा कायदाच झालाय. भिवराबाईला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. आपल्या लेकीला जळतं लाकूड उचलावं लागणार नाही, असं ती मनात म्हणाली होती.

लेक म्हणजे दिपाली. तिला पलीकडच्या गावच्या आप्पारावांच्या परमेश्वरला दिली. पोरगा देखणा, कामाला वाघ, पण डोक्यात वारं भरलेला. त्या वर्षांत वारंच तसं सुटलं होतं. वडगावच्या चौकात एसटीडीचं दुकान झालं होतं, पानटपरीवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या आणि एका दुकानदारानं रंगीत टीव्ही रस्त्याकडं तोंड करून ठेवला होता. त्यावर रोज एक पोरगा फटफटीवर बसून डोंगरातनं जायचा, मागं बाई हसत बसलेली. परमेश्वर त्या टीव्हीपुढं तासन्‌तास उभा राही. लग्नात फटफटी मिळाली नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच हंगामात दोन्ही घरं बिभीषणच्या एकाच टोळीत कोल्हापुराकडच्या एका कारखान्यावर गेली. मोकळ्या रानात चटयांच्या कोप्या, बुटक्या झोपड्याच त्या, ओळीनं उभ्या राहिल्या. व्याह्यांच्या कोप्या जवळजवळच होत्या. परमेश्वरची धाकटी बहीण शिवकन्या, तेव्हा सतरा-अठराची, आईबापाबरोबर आली होती. ती सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची आणि टोळीतली लहान लेकरं सांभाळायची. चौसाळ्याच्या एका घरी तिचा साखरपुडा झालेला होता. हंगाम संपला की लग्न, म्हणून बायका तिला चिडवायच्या आणि ती पदरात हसायची.

पौषात दिपाली तापानं पडली. परमेश्वरचा कोयता अर्धा झाला. त्याची गाडी भरेना, मागच्या गाड्या खोळंबल्या, आणि टोळीतल्या पोरांनी त्याला बायकोचा परकर नेसून मोळ्या वाहायला सांगितलं. दिवेलागणीला तो कोपीवर आला तो हातात ऊस घेऊनच. भिवराबाई आपल्या कोपीत पीठ मळत होती. ओरडा ऐकून ती पिठाच्या हातानं धावली आणि जे पाहिलं ते तिच्या डोळ्यांपुढून पुढं कधी हललं नाही.

दिपालीनं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला होता आणि ऊस त्या मनगटावर बसला होता. दुसरा बसायच्या आत शिवकन्या मधी आली. तिनं भावाचा हात धरला. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या डाव्या कानशिलावर अशी ठेवून दिली, की पोरगी मटकन खाली बसली. बसली, पण सरकली नाही. भावजयीच्या अंगावर पालथी पडून राहिली आणि पुढचे तडाखे तिच्या पाठीवर पडले. मग पुरुष माणसं आली आणि त्याला ओढून नेलं. सासू तोंडात पदर कोंबून उभी होती आणि आप्पाराव त्या वेळी गाडीवर होते. शिवकन्येच्या कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली होती. कुणीतरी लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात ओतलं. तिचं औषधपाणी म्हणून जे काही झालं ते एवढंच.

दिपालीचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, पण हाड वाकडं बसलं. तिथल्या चौकीत गेले तर तिथले लोक म्हणाले, तुम्ही परमुलखातले, उद्या ट्रकात बसून जाल, तारखांना कोण येणार, आपल्या गावी जाऊन तक्रार द्या. हंगाम अर्ध्यावर टाकून भिवराबाई लेकीला घेऊन गावी आली. इथल्या ठाण्यात ऐकून घेतलं आणि सांगितलं, घडलं तिकडं, आमची हद्द नाही. बाईच्या मोडलेल्या हाताला कुणाची हद्दच सापडेना. शेवटी बबनरावानं तालुक्याचे एक वकील गाठले.

वकीलसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी दिपालीचा हात पाहिला, त्यांनाही राग आला, आणि त्या रागातच ते लिहायला बसले. आधी त्यांनी जागा बदलली. मारहाण कारखान्यावर नाही, सासरच्या राहत्या घरी झाली, म्हणजे केस इथंच उभी राहील.

भिवराबाई म्हणाली, “साहेब, पौषात आमी घरी कुठं असतो? त्या घराला तवा कुलूप व्हतं.”

“बाई, कुलपाला कोण विचारायला जातंय,” वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनी नावं विचारली. नवरा, सासू, सासरा. नणंद आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी तिचंही नाव घातलं. नणंदेनं केस धरले आणि नवऱ्यानं मारलं, असं लिहिलं.

तेव्हा दिपाली पहिल्यांदा बोलली. “शिवकन्याचं नाव कावून? ती तर...”

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवून समजावलं. अशा तक्रारीत सगळ्या घराची नावं असतातच. नुसत्या नवऱ्याचं नाव दिलं तर तो जामिनावर सुटून मिशीला पीळ देत फिरतो. पण घरातल्या तरण्या पोरीच्या नावानं जीप दारात आली की मोठी माणसं सुतासारखी सरळ येतात, दोन महिन्यांत तडजोडीला बसतात. केस चालवायची आहे कुणाला, नुसता दाब आणायचा. ते हे सगळं पिकाला पाणी कसं द्यायचं ते सांगावं इतक्या सहज सांगत होते. बबनराव लेकीला म्हणाला, गप, साहेबांना कळतं. दिपालीनं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. भिवराबाईचाही जबाब लिहिला होता. तिनं लेकीच्या प्लास्टरकडं पाहिलं आणि अंगठा टेकवला. त्या क्षणी तिला त्या घरातलं कुणीच आपलं वाटत नव्हतं, अगदी शिवकन्यासुद्धा. खरं बोलणाऱ्या माणसालाही संताप आला की तेवढ्यापुरतं खोटं चालतं, आणि तेवढंच पुरे होतं.

शिमग्याला टोळी परत आली आणि जीप आप्पारावांच्या दारात उभी राहिली. ज्याला न्यायचं तो परमेश्वर आदल्या दिवशीच मामाच्या गावी पसार झाला होता. जीपमध्ये बसले म्हातारा, म्हातारी आणि शिवकन्या. दिवसभर ती ठाण्याच्या ओट्यावर गुडघ्यात तोंड घालून बसली होती, येणारेजाणारे बघून जात होते. संध्याकाळी जामीन झाला. आठवड्याच्या आत चौसाळ्याहून मध्यस्थ आला. मुलाकडच्यांचं म्हणणं होतं, पोरगी चांगलीच असेल, पण जी भावजयीचे केस धरते तिला आमच्या घरात कसं आणायचं. साखरपुड्याचं लुगडं परत गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

आणि तडजोड? ती तर झालीच नाही. आप्पाराव खरं तर मवाळ माणूस, सुनेला घ्यायला येणार होता, मुलाला दोन ठेवून देणार होता. पण पोरीला जीपमध्ये घातल्यावर तो दगड झाला. आता होईल ते कोर्टात, म्हणाला. परमेश्वरला तर हेच हवं होतं. घरात कुणी त्याला जाब विचारायचं उरलं नाही, कारण आता सगळं घर मिळून आरोपी झालं होतं आणि आरोपींनी एकमेकांना धरून राहायचं असतं. मारणारा आणि मार खाणारी एकाच बाकावर बसू लागले.

तारखा पडत गेल्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण पायरी चढायच्या आधी एसटीची पायरी चढावी लागते, आणि त्या बाजूनं तालुक्याला वेळेवर पोचवणारी एसटी एकच होती. त्यामुळं दोन्ही घरं एकाच गाडीतून भांडायला जात आणि एकाच गाडीतून परत येत. हे पुढं, ते मागं. कोर्टाच्या आवारात एकच मोठा लिंब होता. त्याच्या एका अंगाला हे भाकरी सोडत, दुसऱ्या अंगाला ते. पहिल्या वर्षी एकमेकांकडं पाठ करून खात. दुसऱ्या वर्षी पाठी जरा सैल झाल्या. साक्षीदार आले नाहीत, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख, असं ऐकून सगळे सारखेच वैतागून लिंबाखाली येत. भिवराबाईनं एकदा न राहवून लोणच्याची फोड सासूच्या भाकरीवर ठेवली. सासूनं ती खाल्ली आणि डोळे पुसले. पुरुषांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

शिवकन्या मात्र कुणाशी बोलत नसे. डोक्यावरून पदर, डावी बाजू भिंतीला लावून बसायची. तिसऱ्या वर्षी, साक्ष व्हायच्या आधीच्या तारखेला, ती हापशावर पाणी भरत होती. मागून भिवराबाई तांब्या घेऊन आली. तिनं हाक मारली. पोरगी वळली नाही. भिवराबाईला वाटलं, रागात आहे, बरोबरच आहे. तिनं आणखी जवळ जाऊन, अगदी डाव्या खांद्यापाशी उभं राहून म्हटलं, शिवकन्ये, जरा पाणी दे गं. पोरगी तशीच हापसत राहिली. मग तांब्याची सावली पडली तेव्हा ती दचकली, गर्रकन वळली आणि उजवा कान पुढं करून म्हणाली, “काय म्हणलात मामी? या कानानं येत न्हाई मला. हिकडून बोला.”

तिनं ते सहज सांगितलं. त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. तीन वर्षं तसंच सांगत आली असावी. भिवराबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिला ते कोमट तेल आठवलं. आपल्या लेकीचा मार त्या कानानं खाल्ला, आणि आपण त्याच पोरीनं लेकीचे केस धरले म्हणून अंगठा दिला. परतीच्या एसटीत ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली. बबनरावाला वाटलं, उन्हानं डोकं दुखत असेल.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी सरकारी वकिलांनी बोलावून जबाब वाचून दाखवला होता आणि असंच बोलायचं म्हणून बजावलं होतं. घरी आल्यावर भिवराबाईनं सरळ सांगून टाकलं, उद्या मी घडलं तसं सांगणार आहे. बबनराव तीन ताड उडाला. तीन वर्षं चपला झिजवल्या त्या कशासाठी, आता केस शेवटाला आली तर हिला सत्ययुग आठवलं, असं तो पुष्कळ बोलला. भिवराबाईनं त्याला बोलू दिलं. तिला भीती होती ती दिपालीची. दिपाली उंबऱ्यात बसून डाव्या हातानं भाजी निवडत होती. उजव्या मनगटात जोर कधी आलाच नव्हता.

“त्या परमेश्वरानं हात मोडला, हे खोटं हाय का?” दिपालीनं विचारलं.

“न्हाई. ते खरंच हाय. ते मी आधी सांगन.”

“आन मग दुसरं सांगशील. मग त्यांचा वकील म्हणंल, एक खोटं तर सगळंच खोटं. तू शिवकन्याला सोडवायला जाशील आन तो सुटंल. माजा हात कुणाच्या नावावर टाकायचा मग?”

 लेक बोलत होती ते सगळं खरं होतं.  कायदा काही वाईट नव्हता. ज्वारी चांगलीच होती, खडे आपण कालवले, आता दाताखाली खडा आला म्हणून ज्वारीला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. पण खडे कालवले म्हणून ते गिळायचे का? ती एवढंच म्हणाली, “दिपे, तिचा कान गेलाय. पार गेलाय.” दिपालीनं मान वर केली नाही. भाजी निवडून झाली होती तरी ती देठ खुडत बसली.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई पिंजऱ्यात उभी राहिली. देवाची शपथ घेऊन झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, तुमच्या मुलीला कुणी मारलं. परमेश्वरनं, उसानं मारलं, मी डोळ्यांनी बघितलं, असं ती म्हणाली. कुठं मारलं, यावर तिनं कारखान्याचं आणि कोपीचं नाव घेतलं. वकिलांनी पुन्हा विचारलं, सासरच्या घरी ना? ती म्हणाली, पौषात आमच्याकडं घरी कुणीच नसतं, साहेब, कुणालाही विचारा. मग नणंदेनं केस धरले होते का, हा प्रश्न आला. 

“न्हाई. ती मधी पडली. माज्या लेकीच्या अंगावर पडली म्हणून लेक जित्ती हाय. तिला त्यानं मारलं ते डाव्या कानावर, तवापासून तिला त्या कानानं ऐकू येत न्हाई. तिचं नाव आमी उगं घातलं. लई मोठं पाप झालं.”

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून जाहीर केलं. भिवराबाईला तो शब्द कळला. गावात फितूर म्हणजे घरचं मीठ खाऊन शत्रूला जाऊन मिळणारा. तिनं न्यायाधीशांकडं बघून विचारलं, साहेब, मी तर खरं सांगितलं, मग मी फितूर कशी? तरणे न्यायाधीश होते. त्यांनी लिहिणं थांबवलं, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण ते म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा, बाई. मग आरोपींचा वकील उठला. त्याला फार कष्ट पडले नाहीत. जागा खोटी, वेळ खोटी, नणंदेचं खोटं, असं त्यानं भिवराबाईच्याच तोंडून एकेक वदवून घेतलं आणि शेवटी विचारलं, मग परमेश्वरचं तेवढं खरं कशावरून? भिवराबाई म्हणाली, मी बघितलं म्हणून. तो नुसता हसला आणि खाली बसला.

न्यायाधीशांनी जाता जाता आरोपींना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. सगळे एकामागून एक खोटं आहे म्हणाले. शिवकन्येच्या वकिलानं तिला तेच शिकवून ठेवलं होतं. ती उठली, भिवराबाईकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, ओठ हलले. आप्पारावांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

निकाल पुढच्या तारखेला लागला. संशयाचा फायदा देऊन सगळे निर्दोष. सुक्याबरोबर ओलं जळतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण इथं ओल्याला वाचवायला गेलं तर सुकंही वाचलं. परमेश्वर बाहेर आला तो मोकळा हसत आला. लिंबाखाली भिवराबाईपुढं उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “लई उपकार झाले, मामी.” बबनराव त्याच्या अंगावर जायला निघाला, त्याला लोकांनी धरलं.  आयुष्यात पहिल्यांदा भिवराबाईच्या तोंडाला कुलूप लागलं. खरं बोलून आपण काय मिळवलं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

परतीची एसटी लागली. पुन्हा तीच गाडी, तीच दोन घरं. दिपाली आधी चढली आणि डाव्या अंगाच्या दोघांच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसली. साक्षीपासून ती आईशी शब्द बोलली नव्हती, म्हणून भिवराबाई तिच्याशेजारी बसायला धजेना, दांडा धरून उभी राहिली. परमेश्वर मागच्या बाकावर मित्रांत जाऊन बसला. सगळ्यांत शेवटी शिवकन्या चढली. गाडीत बसायला जागा होती, पण ती दिपालीच्या सीटपाशी येऊन थांबली आणि तिथून पुढंही जाईना, मागंही जाईना.

दिपाली उठली. भिवराबाईला वाटलं, आता ही दुसरीकडं जाऊन बसणार. दिपाली बाहेर सरली, शिवकन्येला हातानं आत खिडकीशी ढकललं आणि स्वतः तिच्या उजव्या बाजूला बसली.

भिवराबाई बघत राहिली. साक्षीच्या आदल्या दिवशी कान गेल्याचं सांगितलं, तेव्हा लेकीनं कसा, कुठला काहीच विचारलं नव्हतं, म्हणजे तिला तो कान कधीपासून ठाऊक होता. तीन वर्षं ठाऊक होता, आणि तीन वर्षं ती ते उरात घेऊन तारखांना येत होती.

“सही म्या केली व्हती,” दिपाली त्या उजव्या कानात म्हणाली. “वकिलावर ढकलायला येत न्हाई मला. म्या केली.”

शिवकन्या खिडकीबाहेर बघत होती. गाडी सुरू झाली, तालुक्याची शेवटची दुकानं मागं पडली. मग तिनं दिपालीचं वाकडं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, “दुखतं का वहिनी अजून?”

“थंडीत दुखतं.”

“पोटगीचा अर्ज कर,” शिवकन्या म्हणाली. ती हळू बोलत नव्हती. एका कानानं कमी ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही, का तिला कळत होतं, कोण जाणे. “पोटगीला हद्द लागत न्हाई. बाई राहती तिथं अर्ज चालतो. इतकी वरसं कोर्टात बसून तेवढं शिकले. म्या येते साक्षीला. त्यानं तुला मारलं ते बी सांगते, मला मारलं ते बी सांगते. पर या बारीला जिथं घडलं तिथंच घडलं म्हणून लिव्ह.”

मागच्या बाकावरचं हसणं थांबलं. परमेश्वर अर्धा उठला, काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण मधल्या सीटवर बसलेल्या आप्पारावांनी मागं न बघताच हात आडवा केला आणि त्याला खाली बसायला लावलं. म्हाताऱ्यानं लेकीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं आणि आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो समोर बघत राहिला. सासूनं पदर तोंडात कोंबला नाही, एवढं भिवराबाईनं पाहिलं.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. वडगावची किती, त्यानं विचारलं. बबनराव बोलायच्या आत दिपालीनं मागं वळून आईकडं पाहिलं आणि विचारलं, “आई, अर्ज करायला तू येशील का संगं?”

भिवराबाईनं होकाराची मान हलवली.  मागं दोन सीटा रिकाम्या होत्या, पण ती बसायला गेली नाही, दोघींच्या सीटचा दांडा धरून वडगाव येईपर्यंत उभीच राहिली.